हैदराबादची इंग्रजी : पिजिन, बोली आणि उच्चारढब

तीन संज्ञा

पिजिन, बोली आणि उच्चारढब या संज्ञा बोलताना सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. भाषाविज्ञानात मात्र त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. परस्परांची भाषा न येणाऱ्या गटांमध्ये व्यापार, मजुरी किंवा चाकरीपुरता व्यवहार भागावा म्हणून जी तुटपुंजी भाषा तयार होते, ती पिजिन. तिचा शब्दसंग्रह थोडा आणि व्याकरण आटोपशीर असते, आणि ती कोणाचीच मातृभाषा नसते. बोली हे भाषेचे पूर्ण वाढलेले रूप असून शब्द, वाक्यरचना आणि उच्चार या तिन्ही अंगांनी ते इतर रूपांहून वेगळे असते. उच्चारढब, म्हणजे रोजच्या बोलण्यातला 'ॲक्सेंट', फक्त उच्चारापुरती असते. प्रमाण इंग्रजीचे व्याकरण काटेकोर पाळणारी व्यक्तीही कोणत्या तरी ढबीतच बोलते. यांपैकी कोणते रूप कुठे रुजेल, हे बऱ्याच अंशी एका प्रश्नावर ठरते : कोणाचे बोलणे कोणाला समजणे गरजेचे आहे? हैदराबादेत गेल्या दोनशे वर्षांत या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले. त्यामुळे इंग्रजीच्या या रूपांमधले नाते समजून घ्यायला हे शहर सोयीचे आहे.

शहरात इंग्रजीचा प्रवेश

१७९८ च्या तहाने निजामाने ईस्ट इंडिया कंपनीची तैनाती फौज कायमची स्वीकारली. १८०६ मध्ये हुसेनसागराच्या पलीकडे तिसरा निजाम सिकंदरजाह याच्या नावाने सिकंदराबादची छावणी वसली. तिथल्या पलटणी मद्रास सैन्याच्या होत्या. १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला. पुढे लालागुड्याच्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबे स्थिरावली. त्यांच्या घरची भाषाच इंग्रजी होती. मुसी नदीकाठच्या जुन्या शहराचा कारभार मात्र आधी फारसीत आणि नंतर उर्दूत चाले. १८८७ मध्ये स्थापन झालेले निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते, तर १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू माध्यम स्वीकारून इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवला. १९५६ पर्यंत मराठवाडा याच राज्यात असल्याने तिथले विद्यार्थीही याच व्यवस्थेतून शिकले. छावणीत इंग्रजी हुकुमाची आणि घरकामाची, रेल्वे वसाहतीत घरातली, तर जुन्या शहरात शाळेच्या बाकावरची भाषा होती. १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले आणि हे वेगळे प्रवाह एकत्र येऊ लागले.

पिजिन कशी घडते

पिजिनचे नेहमी दिले जाणारे उदाहरण चीनमधील कँटनचे आहे. अठराव्या शतकात इंग्रज व्यापारी आणि स्थानिक दलाल यांच्यात इंग्रजी शब्द आणि चिनी वळणाची वाक्यरचना असलेली व्यापारी भाषा तयार झाली. अशा भाषेत अनेकवचन, काळ, विभक्ती यांची चिन्हे गळून पडतात आणि अर्थाची भिस्त शब्दक्रमावर व संदर्भावर येते. काम संपले की पिजिन विरून जाऊ शकते. कँटनची तशीच विरली. परंतु तिच्यावर अधिक भार पडला तर ती वाढते. पापुआ न्यू गिनीतील 'टोक पिसिन' ही मळ्यांवरील मजुरांच्या पिजिनमधून वाढली आणि आज तिथल्या संसदेत बोलली जाते. नायजेरियन पिजिनमध्ये बीबीसीने २०१७ मध्ये स्वतंत्र सेवा सुरू केली. मुले पिजिनच पहिली भाषा म्हणून शिकू लागली की तिला क्रिओल म्हणतात; तिचे व्याकरण इतर कोणत्याही भाषेइतकेच समर्थ असते. पिजिन आणि क्रिओल यांतला भेद म्हणूनच भाषेच्या दर्जाचा नाही, तर तिच्यावर सोपवलेल्या कामांच्या विस्ताराचा आहे.

बटलर इंग्रजी

भारतात पिजिनच्या सर्वांत जवळ जाणारे इंग्रजीचे रूप म्हणजे बटलर इंग्रजी. मद्रास इलाख्यात साहेबांच्या घरचे खानसामे, बटलर आणि आया ती वापरत. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात तिची नोंद आहे, आणि १८९१ मध्ये ह्यूगो शूखार्ट या भाषाशास्त्रज्ञाने भारतातील इंग्रजीवरच्या लेखात तिची दखल घेतली. काम पूर्ण झाल्याचे सांगण्यासाठी क्रियापदाआधी 'डन' लावणे, 'इंग'कारान्त रूप भविष्यकाळासाठीही चालवणे, शब्दयोगी आणि उपपदे गाळणे ही तिची लक्षणे. या विषयाचा आधुनिक अभ्यास हैदराबादशी जोडलेला आहे. येथील इंग्रजी व परकीय भाषांच्या केंद्रीय संस्थेत अध्यापन करणाऱ्या प्रिया होसाली यांनी जीन एचिसन यांच्यासह १९८६ मध्ये बटलर इंग्रजीवर शोधनिबंध लिहिला आणि २००० मध्ये स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. शोधनिबंधाच्या शीर्षकातच तिला 'किमान पिजिन' म्हणावे का, असे प्रश्नचिन्ह आहे. कारण या भाषेत बोलणाऱ्यागणिक मोठा फरक आढळतो. कोणी दोन-चार साचेबंद वाक्यांवर भागवतो, तर कोणी प्रमाण भाषेच्या बराच जवळ असतो. पिजिनला लागणारे सर्वमान्य नियम तिच्यात पुरते घट्ट झालेले दिसत नाहीत.

मिश्रण म्हणजे पिजिन नव्हे

हैदराबादेत तेलुगू, दखनी उर्दू आणि इंग्रजी एकाच वाक्यात येतात, म्हणून या बोलण्यालाही अनेकदा पिजिन म्हटले जाते. ते चुकीचे आहे. पिजिन भाषा न येण्यातून जन्मते. हे मिश्रण दोन किंवा तीन भाषा येण्यातून होते. 'ॲडजस्ट चेयी', 'ॲडजस्ट करो' आणि 'ॲडजस्ट कर' ही तीन वाक्ये अनुक्रमे तेलुगू, दखनी आणि मराठी आहेत. इंग्रजी शब्द तिन्हींत तोच आहे. पण क्रियापदाचा साचा ज्या त्या भाषेचा आणि तोही अखंड आहे. दखनीदेखील पिजिन नाही. ती अनेक शतकांची वाङ्मयपरंपरा असलेली, घराघरांत मातृभाषा म्हणून बोलली जाणारी भाषा आहे. तिच्यातला 'नक्को' मराठीतून आला, आणि 'ऐसाइच', 'अब्बीच' यांतला जोर देणारा प्रत्यय मराठीच्या 'च'चा वारसा सांगतो. दीर्घ शेजारातून आलेली देवाणघेवाण आणि तातडीच्या गरजेतून झालेली काटछाट या दोन निराळ्या प्रक्रिया आहेत.

बोली : शब्दांचा थर

भारतीय इंग्रजी ही बोली ठरते ती आधी शब्दांमुळे. लाख आणि कोटी, 'प्रीपोन', 'आउट ऑफ स्टेशन', 'कझिन ब्रदर' हे शब्द देशभर चालतात आणि दक्षिण आशियाबाहेर अडतात. हैदराबादेत त्यांच्या जोडीला दक्षिणेकडचा थर येतो. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे 'को-ब्रदर', अर्थात मराठीतला साडू. तेलुगूत साडूला 'तोडल्लुडु' आणि जावेला 'तोडिकोडलु' म्हणतात. पहिल्यात जावयासाठीचा 'अल्लुडु', दुसऱ्यात सुनेसाठीचा 'कोडलु' आणि दोन्हींच्या आरंभी सोबतपणा दाखवणारा अंश आहे. इंग्रजीतले 'को-ब्रदर' आणि 'को-सिस्टर' याच घडणीचे आहेत. ब्रिटिश इंग्रजी हे नाते 'ब्रदर-इन-लॉ'च्या मोठ्या गाठोड्यात घालते. मेहुणा, दीर, भावोजी आणि साडू यांत ती फरक करत नाही. लग्नपत्रिकेपासून मानपानापर्यंत जिथे हा फरक मोलाचा असतो, तिथल्या लोकांनी इंग्रजीत त्याची सोय करून घेतली. नव्या प्रदेशात गेलेली भाषा अशा रिकाम्या जागा भरत स्थानिक होते.

बोली : व्याकरणाचा थर

शब्द सहज उसने घेता येतात. वाक्यरचना बदलायला अधिक काळ आणि अधिक माणसे लागतात. म्हणून व्याकरणातला फरक हा बोली पक्की झाल्याचा भक्कम पुरावा मानला जातो. 'ही इज हिअर ओन्ली' हे वाक्य पाहता येईल. प्रमाण ब्रिटिश वापरात 'ओन्ली' म्हणजे फक्त. येथे त्याचा अर्थ 'तो इथेच आहे' असा आहे, आणि शब्दाची जागाही 'च'प्रमाणे ज्यावर जोर द्यायचा त्याच्यामागे आहे. तेलुगूत 'इक्कडा' म्हणजे इथे आणि 'इक्कडे' म्हणजे इथेच. जोर शेवटच्या दीर्घ 'ए'मध्ये असतो. मराठीचा 'च', दखनीचा 'इच', तेलुगूचा 'ए' आणि भारतीय इंग्रजीचा 'ओन्ली' ही एकाच कामाची चार साधने आहेत. यांतली मराठी आर्यभाषा, तेलुगू द्राविडी. तरीही रचना एकच, कारण बोलणारे शतकानुशतके शेजारी राहिले. 'आय ॲम नोइंग' यासारखी अपूर्ण काळाची रूपे आणि कोणत्याही वाक्याच्या शेवटी चालणारे 'इझन्ट इट' हीही या बोलीची लक्षणे आहेत. शिकलेले लोक लिहिताना ती टाळतात, बोलताना मात्र ती सहज येतात.

उच्चारढब : व्यंजने आणि स्वर

इंग्रजीतले 'ट' आणि 'ड' जीभ वरच्या दातांमागील हिरडीला टेकवून उच्चारले जातात. बहुतेक भारतीय भाषांत त्या जागी दंत्य 'त' किंवा मूर्धन्य 'ट' असे दोनच पर्याय असतात आणि निवड मूर्धन्याची होते. 'थिंक'मधला घर्षक ध्वनी दंत्य 'थ' बनतो. दुसरा मुद्दा महाप्राणाचा. ब्रिटिश किंवा अमेरिकन व्यक्ती 'पिन' म्हणते तेव्हा पहिल्या व्यंजनासोबत श्वासाचा झोत असतो; भारतीय उच्चारात तो नसतो. परिणामी इंग्रजीभाषी कानाला भारतीय 'पिन' कधी कधी 'बिन' ऐकू येते. मराठीत 'प' आणि 'फ', 'क' आणि 'ख' हे भेद असूनही इंग्रजी शब्द आपण अल्पप्राणानेच लिहितो आणि बोलतो. स्वरांत संख्या घटते. ब्रिटिश प्रमाण उच्चारात २० स्वर मानले जातात, तर सुशिक्षित भारतीयांच्या सामान्य उच्चारात १७. खाटेसाठीचा 'कॉट' आणि 'पकडले' या अर्थाचा 'कॉट' यांचे स्वर ब्रिटिश उच्चारात निराळे असतात. भारतीय उच्चारात ते एक होतात आणि देवनागरी लेखनातही त्यांची वेगळी नोंद होत नाही.

मातृभाषेची छाप

भारतीय ढब एकसंध नाही. तेलुगूत बहुतेक शब्द स्वरान्त असल्याने 'बस' ही 'बस्सु' आणि 'कार' ही 'कारु' होते. शब्दारंभीच्या 'ए'आधी 'य'ची छटा येऊन 'एम' हे अक्षर 'येम' असे ऐकू येते, आणि 'झीरो'चा 'जीरो' होतो. दखनीभाषकाला 'झीरो' किंवा 'फोन'मधले घर्षक ध्वनी जड जात नाहीत, कारण उर्दूत ते आहेतच. मात्र 'स्कूल'सारख्या जोडाक्षराआधी 'इ' लागून 'इस्कूल' होऊ शकते. हैदराबादेतले मराठीभाषक 'झेड' म्हणतात आणि इंग्रजीतले दोन 'व' वेगळे ठेवू पाहतात : 'व्हॅन'मध्ये 'व्ह', 'वॉटर'मध्ये 'व'. हा भेद मूळ इंग्रजीसारखा तंतोतंत नसला, तरी भेद आहे याची जाणीव मराठी लेखनात दिसते. अनेक भारतीय भाषांत दोन्हींसाठी एकच अक्षर चालते. ही लक्षणे कल दाखवतात, नियम नव्हे. शाळेचे माध्यम, घरची भाषा आणि व्यवसाय यांनुसार एकाच कुटुंबातल्या दोन पिढ्यांची ढब निराळी असू शकते.

आघात आणि सुरावट

श्रोत्याचा गोंधळ अनेकदा सुट्या ध्वनींपेक्षा आघात आणि सुरावटीमुळे होतो. ब्रिटिश इंग्रजीत शब्दातले एक अक्षर जोरात आणि बाकीची अस्पष्ट उच्चारली जातात. भारतीय भाषांत सर्व अक्षरांना जवळपास सारखा वेळ मिळतो आणि तीच लय इंग्रजीत उतरते. 'डेव्हलप'चा आघात दुसऱ्या अक्षराऐवजी पहिल्यावर पडला की अनोळखी श्रोत्याला शब्दच ओळखता येत नाही. सुरावटीचा परिणाम आणखी खोल जातो. जॉन गंपर्झ यांनी १९८२ च्या ग्रंथात लंडनच्या हीथ्रो विमानतळावरील उपाहारगृहाचे उदाहरण नोंदवले आहे. तिथे वाढणाऱ्या भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया 'ग्रेव्ही' हा एकच शब्द उतरत्या सुरात विचारत. इंग्रज कामगारांच्या कानाला चढता सूर म्हणजे विचारणा आणि उतरता सूर म्हणजे तुटक सांगणे. त्यामुळे या स्त्रिया उद्धट आहेत असा समज झाला. त्यांना स्वतःला आपण नेहमीसारखे विचारत आहोत असेच वाटत होते. चुकीचा ध्वनी चटकन लक्षात येतो; सुराचा फरक मात्र स्वभावाच्या खात्यावर जमा होतो.

मोजमापाचा प्रयत्न

१९५८ मध्ये भारत सरकारने हैदराबादेत केंद्रीय इंग्रजी संस्था स्थापन केली. शिक्षकांना प्रशिक्षण देणे आणि इंग्रजी अध्यापनावर संशोधन करणे हा तिचा हेतू होता. १९७२ मध्ये परकीय भाषांची भर पडून तिचे नाव बदलले आणि २००७ मध्ये तिचे केंद्रीय विद्यापीठ झाले. आज ती 'इफ्लू' या नावाने ओळखली जाते. येथील रामकृष्ण बन्सल यांनी भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवर केलेला अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांचे इंग्रजी बोलणे ब्रिटिश श्रोत्यांना सरासरी सुमारे ७० टक्के समजते असे त्यात आढळले, आणि अडथळ्यांच्या कारणांत शब्दांवरील आघाताला महत्त्वाचे स्थान मिळाले. १९७२ च्या संस्थेच्या पुस्तिकेने सुशिक्षित भारतीयांच्या उच्चाराची ध्वनिव्यवस्था मांडली. ब्रिटिशांचे अनुकरण हे एकमेव ध्येय न मानता भारतीय उच्चाराचे स्वतःचे वर्णन करणारा हा महत्त्वाचा टप्पा ठरला.

समजण्याची दुसरी बाजू

बन्सल यांच्या आकड्यात श्रोता ब्रिटिश होता. श्रोता बदलला की आकडाही बदलतो. लॅरी स्मिथ आणि खलिलुल्ला रफीकझाद यांनी १९७९ मध्ये अनेक देशांतल्या श्रोत्यांची चाचणी घेतली, तेव्हा मातृभाषक इंग्रजी वक्ता सर्वाधिक सुबोध ठरला नाही. जेनिफर जेनकिन्स यांनी २००० मध्ये परदेशी भाषा म्हणून इंग्रजी बोलणाऱ्यांच्या आपसातल्या संभाषणांवरून सुबोधतेला आवश्यक ध्वनींची यादी केली. 'थिंक'मधला घर्षक 'थ' त्या यादीत नाही. तो चुकला तरी संभाषण अडत नाही. 'प', 'ट', 'क' यांचा आरंभीचा महाप्राण, स्वरांची लांबी आणि वाक्यातल्या मुख्य शब्दावरचा जोर मात्र त्यात आहे. सुबोधता ही बोलणाऱ्याचा एकट्याचा गुण नसून बोलणारा, ऐकणारा आणि त्यांची सवय यांतून ती तयार होते. नलगोंड्याच्या विद्यार्थ्याला लातूरच्या विद्यार्थ्याची इंग्रजी सहज कळते, कारण दोघांची लय एक आहे.

कॉल सेंटर आणि 'न्यूट्रल ॲक्सेंट'

१९९८ मध्ये हायटेक सिटीचे उद्घाटन झाले आणि पुढील दशकात शहराच्या पश्चिम भागात परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलणारी कार्यालये वाढली. त्यांच्याबरोबर 'न्यूट्रल ॲक्सेंट'चे वर्ग आले. प्रशिक्षक उमेदवाराच्या बोलण्यातले 'एमटीआय', म्हणजे मातृभाषेचा प्रभाव, शोधतात. 'व' आणि 'व्ह' वेगळे करणे, 'ट'ची जागा पुढे आणणे, आघात हलवणे, बोलण्याचा वेग कमी करणे यांचा सराव होतो. या नावाने शिकवली जाणारी ढब जगात कोणत्याही गावाची नाही. ती ठरावीक श्रोत्याला खटकू नये अशा बेताने जुळवलेली असते, म्हणून ती तटस्थही नसते. येथे जुळवून घेण्याचे सगळे काम बोलणाऱ्याकडे जाते, कारण पैसे ऐकणारा देतो. अलीकडे बोलताबोलता उच्चार बदलणारी संगणकीय साधनेही अशा कार्यालयांत येऊ लागली आहेत. बटलर इंग्रजीशी या ढबीचे भाषिक साम्य काहीच नाही. श्रमाची विभागणी मात्र तीच आहे.

प्रमाणाचा प्रश्न

ब्रज काच्रू यांनी १९८५ मध्ये इंग्रजीच्या प्रसाराची तीन वर्तुळे मांडली. आतल्या वर्तुळात ब्रिटन, अमेरिकेसारखे मातृभाषक देश. बाहेरच्या वर्तुळात भारत, नायजेरिया, सिंगापूर यांसारखे वसाहतीच्या इतिहासातून इंग्रजी मिळालेले देश. आणि विस्तारणाऱ्या वर्तुळात ती परकीय भाषा म्हणून शिकणारे देश. बाहेरच्या वर्तुळालाही स्वतःचे प्रमाण घडवण्याचा अधिकार आहे, हा त्यांचा आग्रह होता. त्याला विरोधही झाला. सिंगापूरच्या सरकारने २००० मध्ये स्थानिक 'सिंग्लिश'ऐवजी प्रमाण इंग्रजीचा पुरस्कार करणारी मोहीम सुरू केली. वर्तुळांच्या मांडणीची मर्यादा अशी की ती देशांची वाटणी करते, माणसांची नव्हे. लालागुड्याचे अँग्लो-इंडियन कुटुंब, बंजारा हिल्सच्या कॉन्व्हेंट शाळेतला विद्यार्थी आणि जिल्ह्यातून शिकायला आलेला पहिल्या पिढीचा पदवीधर यांना भारताच्या एकाच वर्तुळात ठेवले, तर त्यांच्या इंग्रजीतले वर्गाचे अंतर दिसेनासे होते.

अध्यापनातील उपयोग

पिजिन, बोली आणि उच्चारढब यांतला फरक वर्गात थेट कामाला येतो. तेलंगणाने २०२२-२३ पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणण्यास सुरुवात केली. घरी इंग्रजी नसलेली मुले आता इंग्रजीतून विज्ञान आणि गणित शिकतात. त्यांच्या प्रत्येक वेगळेपणाला 'चूक' म्हटले तर सुधारणांची यादी संपत नाही. वाक्य अर्धवट राहणे ही भाषा अजून न आल्याची खूण आहे आणि तिच्यावर सर्वाधिक वेळ देणे योग्य ठरते. 'ओन्ली'चा भारतीय वापर हा बोलीचा भाग आहे. परीक्षेच्या उत्तरात तो टाळायचा असतो, पण मैदानावर त्याने काही बिघडत नाही. मूर्धन्य 'ट' ही ढब आहे आणि ती बदलण्याने समजण्यात फारसा फरक पडत नाही. शब्दावरचा आघात आणि आरंभीचा महाप्राण हेही ढबीचेच भाग आहेत, परंतु ते समजण्यावर परिणाम करतात, म्हणून तेवढे लवकर शिकवावे लागतात. कोणाला समजायचे आहे हे निश्चित केले की काय शिकवायचे आणि काय राहू द्यायचे, याचा क्रम लावता येतो.